पोटाशी बाटली बांधून चाकणला

चिपळूणहून चाकणला हौसेनं कोणी जात नाही. गेलं तर नोकरीला जातं, नाहीतर पोरगा नोकरीला आहे म्हणून लोणच्याच्या बरण्या घेऊन जातं. त्यामुळे मी परत आल्यावर स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न आला, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "एक धागा बघून आले." त्यावर कोणी पुढे विचारलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी धाग्याचं सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ कशापायी झाला ते कळेल. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात आमच्या चिमुकल्या प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवते. मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत निरोप नेणारे आपले मज्जातंतू म्हणजे अशा पेशींनी काढलेले लांबच लांब धागे. पण सुरुवातीला पेशी असते गोल, भिजलेल्या साबुदाण्यासारखी. तिनं धागा काढायचा की नाही, हे तिच्या पोटातल्या एका एन्झाइमवर ठरतं. त्या पेशींना एक वाढद्रव्य पाजलं की ते एन्झाइम जागं होतं. थोडा वेळ जागून झोपलं, तर पेशी नुसती दुभंगते, एकीच्या दोन होतात आणि विषय संपतो. जागंच राहिलं, तर मात्र ती दुभंगायचं सोडून अंगातून धागा काढते.

इतकं जगाला ठाऊक आहे. माझं म्हणणं त्यापुढचं होतं. एकाच बशीत, एकीला खेटून एक बसलेल्या पेशींतसुद्धा हे एन्झाइम सारखा वेळ जागत नाही, आणि जिच्यात जास्त वेळ जागतं तीच धागा काढते. हे मी लिहून एका शोधपत्रिकेला पाठवलं. तिकडून परीक्षकाचं उत्तर आलं की, बाई, तुम्ही मेलेल्या पेशींचे फोटो दाखवून जिवंत पेशींच्या गोष्टी सांगताय. एकाच जिवंत पेशीत एन्झाइम जागताना आणि धागा निघताना दाखवा, मग बोलू.

बरोबर होतं त्याचं. मला राग आला तो त्यामुळेच.

त्यासाठी लागणारा सूक्ष्मदर्शक, पेशींना ऊब देत देत तासन्‌तास त्यांचे फोटो काढणारा, आमच्या कॉलेजच्या सगळ्या इमारतीहून महाग. पण माझी जुनी विद्यार्थिनी अश्विनी चाकणच्या एका कंपनीत नेमकं तेच यंत्र चालवते. तिनं साहेबाच्या मागे लागून एक गुरुवार मिळवला. तिकडे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. "मॅडम, एवढा एकच गुरुवार," अश्विनी फोनवर म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून यंत्र रात्रंदिवस बुक आहे."

बुधवार, रहाटणी

पेशींना प्रवासात गारठून चालत नाही आणि भाजूनही चालत नाही. म्हणून मी दोन बाटल्या घेतल्या. साबणाच्या वडीएवढ्या, चपट्या, प्लास्टिकच्या. एक उबदार डब्याच्या पिशवीत ठेवली. दुसरी जुन्या सुती ओढणीत गुंडाळून पोटाशी बांधली आणि वरून स्वेटर चढवला. माणसाच्या पोटाएवढी नेमकी ऊब कुठल्याच पिशवीत मिळत नाही. गाडी चालवायला माझा नवरा विलास होता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्याला कुठेही जायचं असलं तरी चालतं, फक्त वाटेत चहा चांगला मिळायला हवा.

रहाटणीला माझ्या नणंदेकडे, वंदनावन्संकडे, जेवायला थांबलो. रहाटणी म्हणजे इमारतींचं शेत. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीचं वाळत घातलेलं दिसतं. वन्सं दारातच माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या, "मेधा, जरा चालायला जात जा गं." मी म्हटलं, "वन्सं, ती बाटली आहे." त्यांनी विलासकडे बघितलं. विलासनं खांदे उडवले.

मी हात धुवायला गेले. तेवढ्या वेळात काय झालं ते नीट सांगायला हवं. पेशी ज्या पाण्यात पोहत असतात ते पाणी गुलाबी असतं. आणि आम्ही आलो होतो चिपळूणहून. मी बाहेर आले तेव्हा टेबलावर स्टीलच्या जगात गुलाबी पाणी होतं, त्यात बर्फ होता, वर जिऱ्याची पूड भुरभुरवलेली होती, आणि विलासच्या ओठाला पेला लागलेला होता.

"खाली ठेव!" मी अशी ओरडले की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं.

"अगं, कोकम सरबत चाखून बघत होतो," विलास म्हणाला.

"ते उंदीर आहेत!"

माझं वाक्य चुकलं, हे मान्य आहे. त्या पेशी फार वर्षांपूर्वी एका उंदराच्या अंगातल्या गाठीतून काढलेल्या, आणि तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आलेल्या. हे सगळं सांगायला वेळ लागला असता. वन्सं खुर्चीवर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाटलीभर होतं म्हणून साखर चार चमचे घातली."

बाटलीवर मी मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'पिऊ नये' लिहिलं होतं. पण पाहुण्यानं आणलेल्या वस्तूवर काय लिहिलंय, हे आपल्याकडे कोण वाचतं? विलासनं घोट घेतला होता की नाही, हे त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. जेवण मात्र त्यानं पोटभर केलं.

आता जे काही होतं ते माझ्या पोटाशी होतं.

बुधवारी दुपारनंतर, नाशिक रस्ता

आमच्या घाटात रस्ता वाकडा असतो, पण गाडी चालते. इथे रस्ता सरळ असतो आणि गाडी उभी असते. मोशी सोडली आणि आम्ही एका लांबलचक ट्रेलरमागे अडकलो. त्यावर दोन मजल्यांत कोऱ्या करकरीत गाड्या चढवलेल्या. विलास त्यांच्याकडे बघत बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "या कारखान्यातून निघाल्या तेव्हा नवीन असतील नाही?"

बाजूच्या रिक्षातला माणूस आमच्या गाडीचा नंबर बघून खिडकीशी वाकला. "रत्नागिरी काय? हापूस आणला का राव?"

"जानेवारीत?" विलास म्हणाला.

"मग काय आणलंय?"

विलासनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी पोटावर दोन्ही हात ठेवून बसले होते. रिक्षावाला एकदम गंभीर झाला. "आधी सांगायचं ना भाऊ!" तो खाली उतरला, पुढच्या टेम्पोवर थापा मारल्या, मोटारसायकलवाल्यांना बाजूला काढलं, "पेशंट हाय, पेशंट!" ओरडत आम्हाला कडेनं वाट करून दिली. माझ्या पांढऱ्या केसांकडे एकदा बघून तो जरा थबकला, पण त्यानं मदत थांबवली नाही. मी खुलासा करणार होते. विलास म्हणाला, "गप्प बस आणि कण्ह."

कंपनीच्या गेटवर मात्र कण्हून भागलं नाही. तिथल्या वॉचमनचं नाव माधवराव, गाव लातूरकडचं, मिशी फौजदाराची. झडती घेणारी बाई संध्याकाळी घरी गेलेली, आणि पुरुषानं बाईची झडती घ्यायची नाही असा नियम.

"पोटाशी काय न्यायलेत आत?" त्यानं विचारलं.

"पेशी," मी म्हणाले.

"पेशी कोर्टात असती मॅडम."

"ती पेशी नाही. शरीरातली पेशी. चेतापेशी."

"कुणाच्या शरीरातली?"

मी रहाटणीहून शहाणी होऊन आले होते. उंदराचं नाव काढलं नाही. म्हटलं, "प्रयोगातली."

माधवरावांनी बराच विचार केला. त्यांच्याकडे माल आत न्यायचा पास होता आणि माणूस आत न्यायचा पास होता. जिवंत वस्तू माल म्हणून जाईना आणि माणूस म्हणून तिला आधारकार्ड नव्हतं. शेवटी अश्विनी पळत पळत गेटवर आली आणि म्हणाली, "मामा, ह्या माझ्या मॅडम. ह्यांनी मला शिकवलंय." त्याबरोबर माधवराव उठून उभे राहिले. "मास्तरीण आहेत होय? मग आधी नाही का सांगायचं!" गेट उघडलं. घाटावर अजून मास्तरांना हा मान आहे. आमच्याकडे विद्यार्थी दुकानात भेटले तर शेल्फामागे लपतात.

आत जाऊन मी पोटाची ओढणी सोडली, अश्विनीनं बाटली यंत्राखाली धरली. पेशी गोल, चकाकत्या, जिवंत. त्या काचेच्या तळाच्या बशीत ओतून उबेच्या कपाटात ठेवल्या आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून हसत सुटलो.

कुरुळी

मुक्काम अश्विनीच्या सासरी, कुरुळीला. तिचे सासरे दत्तोबा. थोडी शेती शिल्लक आहे, ती ते करतात. उरलेल्या जागेत कामगारांसाठी खोल्या बांधल्यात आणि जोडीला मांडव, लाउडस्पीकर आणि जनरेटरचा धंदा आहे. अंगणात एका बाजूला बाजरीची पोती आणि दुसऱ्या बाजूला माणसाएवढे स्पीकर. सासूबाई हिराबाई. त्यांच्या पायातली चप्पल कायम एकच असते, दुसरी कुठेतरी मागे राहिलेली, आणि नातवंडं ती शोधून आणतात. मला गंमत वाटली तेव्हा.

जेवायला मासवडी होती. नाव ऐकून विलासचे डोळे भरून आले. कोकणातून निघाल्यापासून मासा नाही! त्यानं वडी रश्श्यात बुडवली, सवयीनं काटे चाचपले, अजून एक घेतली, मग बोटं चाटत म्हणाला, "काटे काय सफाईनं काढलेत हो! कुठला मासा?"

 चुलीपाशी हिराबाईंना हसू आवरेना. "पाव्हणं, बेसन हाय त्ये! आत तीळ आन खोबरं. आमी माळकरी मान्सं न्हवं!"

आमच्याकडे माशाला मासा म्हणतात आणि बेसनाला बेसन. पण ती मासवडी, बाजरीची कडक भाकरी आणि वर कच्चा कांदा... मी ताटात हात आडवा धरला की हिराबाई हाताच्या बाजूनं वाढायच्या. कोकणात आम्ही 'वाढू का?' विचारतो आणि उत्तर ऐकतो. इथे उत्तर ऐकायची पद्धत नाही.

जेवणानंतर दत्तोबांनी विचारलं, "मास्तरीणबाई, त्या बशीत नक्की काय व्हनार?"

मी सांगितलं. पेशीत एन्झाइम जागं झालं की दिसावं म्हणून मी आत हिरवी चमक सोडली आहे. झोपलेलं असताना ती चमक मधोमध गोळा झालेली दिसते, जागं झालं की बाहेर पसरते. ती पसरलेलीच राहिली, तर धागा निघेल असं माझं म्हणणं.

"आन न्हाई निघाला तर?"

"तर मी इतकी वर्षं चुकीचं शिकवत आले."

"आसू द्या," दत्तोबा म्हणाले. "आमच्या मास्तरानं तर सगळंच चुकीचं शिकवलं हुतं."

गुरुवार

सकाळी बशी यंत्रात ठेवली आणि वाढद्रव्याचे थेंब सोडले. पेशींना घरीच काही दिवस त्याची चटक लावून ठेवली होती, म्हणजे आता धागा काढायला त्या फार वेळ घेणार नाहीत. पडद्यावर हिरवे ठिपके. आणि मग एकेक ठिपका फुटून पसरायला लागला. जन्मभर मी हे चित्र फळ्यावर खडूनं काढत आले होते.

काही पेशींत चमक पसरली आणि लगेच परत मधोमध गोळा झाली. काहींत ती उघडझाप करत राहिली. कोपऱ्यातल्या एका पेशीत मात्र पसरली ती पसरलीच. मला त्या कोपऱ्यावरून नजर हटवेना. जेवणाच्या सुमारास तिच्या कडेला एक बारीकसा उंचवटा आला.

आणि वीज गेली.

चाकणला गुरुवारी सुट्टी असते, म्हणून विजेची दुरुस्तीही गुरुवारीच निघते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीचा जनरेटर सुट्टी म्हणून सर्व्हिसिंगला उघडून ठेवलेला. कॅमेरा आणि संगणक बॅटरीवर चालू राहिले, पण पेशींना ऊब देणारा हीटर बंद पडला. गारठलेल्या पेशी धागे आत ओढून घेतात. मी दोन्ही तळवे यंत्राच्या काचेला लावून उभी राहिले. त्यानं काही होत नाही हे मला कळत होतं.

"मॅडम, एक मिनिट," अश्विनी म्हणाली आणि तिनं सासऱ्यांना फोन लावला.

कुरुळी जवळच, आणि सुट्टी म्हणून रस्ता मोकळा. थोड्याच वेळात गेटवर एक टेम्पो आला. त्यावर जनरेटर, जनरेटरवर चार स्पीकर, स्पीकरवर झेंडूच्या माळा आणि समोर रंगीत अक्षरांत 'नाद नाय करायचा'. संध्याकाळी कुणाची तरी हळद होती, तिथे निघालेलं सामान तसंच आलेलं. पुढे दत्तोबा, त्यांच्याशेजारी मांडीवर केबलची गुंडाळी घेऊन विलास.

माधवराव आडवे आले. "लग्न कुणाचं हाय?"

"पेशींचं," विलास म्हणाला.

"पेशीला डीजे?"

"अरं बाबा, लाईट पायजे आत!" दत्तोबा ओरडले. "पोरीच्या मास्तरणीचा परयोग मराया लागलाय!"

माधवरावांनी एकदा आत बघितलं, एकदा नियमांच्या पाटीकडे, आणि गेट उघडलं. वर म्हणाले, "वाहन म्हणून सोडलोय. मधी काय हाय ते मी बघितलं नाही."

खिडकीतून केबल आत आली. हीटर लागला. मी श्वास सोडणार इतक्यात पडद्यावरच्या सगळ्या पेशी थरथरायला लागल्या. खिडकीखालच्या जनरेटरनं अख्खी जमीन हलत होती, आणि हजारपट मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रात जमीन हलली की आभाळ पडतं.

"लांब न्या!" मी खिडकीतून ओरडले.

दत्तोबांनी टेम्पो मागे घेतला. विलास केबलला केबल जोडत मागे मागे. "आता?" "हलतंय!" "आता?" "अजून!" टेम्पो कंपाउंडच्या भिंतीला टेकला तेव्हा चित्र एकदाचं स्थिर झालं. आणि त्याच क्षणी, चालू राहिलेल्या कुठल्यातरी बटणामुळे, चारही स्पीकर एकदम गरजले. हलगी! काचा हादरल्या. पेशी पडद्यावर अक्षरशः नाचल्या. माधवराव दोन्ही हात हलवत टेम्पोकडे धावले, आणि दत्तोबा बटण शोधत होते तेवढ्या वेळात माधवरावांचे खांदे आपोआप तालावर हलायला लागल्याचं विलासनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, असं तो सांगतो.

मग शांतता झाली. सगळे आत आले. चपला बाहेर काढा म्हटल्यावर माधवरावांनी बूटही काढले, टोपीही काढली. दार लावून आम्ही पाच जण पडद्यासमोर उभे राहिलो.

कोपऱ्यातली पेशी तशीच होती, पूर्ण उजळलेली. तिच्या कडेचा उंचवटा मघापेक्षा लांब झाला होता. एकेका फोटोनिशी तो पुढे सरकत होता. टोकाला बोटं फुटल्यासारखी झाली होती, ती इकडे चाचपत होती, तिकडे चाचपत होती, थोडी मागे येत होती, परत पुढे. ज्यांची चमक विझली होती त्या शेजारणी गोलच्या गोल बसून होत्या.

"फुटवा निघाला की!" दत्तोबा कुजबुजले.

"ह्यो कुठं चाललाय?" माधवरावांनी विचारलं.

"त्यालाही माहीत नाही अजून," मी म्हटलं.  विलासनं खिशातून रुमाल काढून दिला, त्याला ग्रीस लागलेलं होतं, आणि मी ते तसंच तोंडाला फासलं.

ती फिल्म पुढे मी परीक्षकाला पाठवली. त्याला पटलं. एवढंच विचारलं, की मधे काही क्षण सगळ्या पेशी एका लयीत उड्या मारतात, ही जैविक घटना आहे काय? मी कळवलं, स्थानिक कंपनं.

शुक्रवार

निघताना हिराबाईंनी कुंकू लावलं, हातात मासवडीचा डबा दिला. दत्तोबा म्हणाले, "परत कवा येनार?" मी म्हटलं, "आता कुठलं येणं? मे महिन्यात मी रिटायर होते."

हिराबाई गाडीपर्यंत चालत आल्या. विलास डिकी लावत होता, तेवढ्यात त्यांनी मला जरा बाजूला घेतलं.

"बाई, येक इचारू? साखरंमुळं माज्या पायाला काय लागतच न्हाई. चप्पल निसटली तरी कळत न्हाई. डाक्टर म्हनला, शिरा मेल्यात. त्ये तुमच्या बशीतले धागं... माज्या पायात फुटतील का वो?"

रोज एक चप्पल हरवते त्याची मला गंमत वाटली होती.

थोडं गोड बोलता आलं असतं. पण त्यांनी खरं विचारलं होतं. मी म्हटलं, "नाही, हिराबाई. बशीतली पेशी आणि पाय यात फार अंतर आहे. आत्ता कुठे एक दार किलकिलं झालंय. पायाला जपा, रोज तळवे बघा, साखर सांभाळा. माझ्या हयातीत तरी याचं औषध होईल असं मला वाटत नाही."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. पदर खोचला आणि विचारलं,

"मंग तुमी रिटायर कशाला व्हताय?"

 मी गाडीत बसले. दापोडीला सिग्नलला उभे होतो तेव्हा विलासला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर विचारलं बाईंनी."

चिपळूणला आल्यावर मी प्राचार्यांकडे गेले आणि मे महिन्यानंतर पेशी वाढवायला एक खोली मागितली. पगार नको, फक्त खोली. त्यांनी जिन्याखालची दिली. तिथे एक मोडका सांगाडा आहे, खिडकी लागत नाही आणि पंखा नाही. पण भिंतीत प्लगचे दोन पॉइंट आहेत. मी इस्त्री नेऊन दोन्ही तपासले. दोन्ही चालू आहेत.